डावा-उजवा अल्बम : मिक्सआधीच्या नोंदी

६ जानेवारी

अकराही गाण्यांचं कच्चं मिक्स आज मध्ये न थांबता ऐकलं. ५३ मिनिटं. अल्बम डावा-उजवा झालाय, हे गुळमुळीत न बोलता इथे लिहून ठेवतो. पहिली चार गाणी ऐकताना वाटतं, या बँडनं आजवर केलेलं हे सगळ्यात चांगलं काम. पाचव्यापासून पकड सुटते, आठव्याला ती परत येते आणि शेवटची दोन नुसती वेळ काढतात.

गाण्यांची खरी नावं गायक शब्द पक्के झाल्यावर ठरवेल. तोवर आपली कामचलाऊ नावं: 'पहिलं', 'तिरकं', 'घाई', 'तीनचा', 'लांबडं' ही भक्कम. 'पियानो', 'मोठा कोरस' आणि 'जुनं' ही कमजोर. उरलेली तीन मधली, त्यांची मला चिंता नाही.

कमजोर म्हणतोय त्यांच्यात चूक दाखवता येत नाही. वादन स्वच्छ आहे, बांधणी नेहमीची आहे, कोरस, म्हणजे ध्रुवपद, वेळेवर येतो. पण गाणं संपलं की त्यातला एकही रिफ, म्हणजे गिटारचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा, गुणगुणता येत नाही. मेलोडिक डेथ मेटल, म्हणजे चालीवर उभं असलेलं जड मेटल, वाजवणाऱ्या बँडला हे चालणार नाही.

९ जानेवारी

एक परीक्षा घेतली. प्रत्येक गाण्यातले ड्रम, बेस, कीबोर्ड आणि गायन बंद केलं, फक्त डाव्या-उजव्या दोन गिटार चालू ठेवल्या. 'पहिलं' आणि 'तिरकं' तरीही गाणी म्हणून उभी राहतात. 'मोठा कोरस'च्या कडव्यात मात्र सर्वात खालची तार पाम म्यूट करून, म्हणजे तळहातानं दाबून, ठोकलेली ऐकू येते आणि बाकी काही नाही. चाल तिथे कोरसमध्येच येते, तीही कीबोर्डवर. 'जुनं'चं तेच. 'पियानो'चं जवळजवळ तेच.

माझ्या मते सगळं दुखणं इथे आहे. ग्रोलला, म्हणजे या संगीतातल्या घोगऱ्या ओरडून गाण्याला, पक्का सूर नसतो. त्यात ठेका असतो, जोर असतो, शब्दांचे काठ असतात, पण चाल नसते. म्हणून या संगीतात चाल वाहून न्यायचं काम गिटारवर येतं, आणि तेही कोरसपुरतं नाही, गायक ओरडत असताना त्याच्या खाली, पूर्ण वेळ. १९९३ मध्ये लिव्हरपूलच्या कार्कस या बँडनं 'हार्टवर्क'मध्ये ते केलं. १९९५ मध्ये स्वीडनमधल्या गोथेनबर्गहून ॲट द गेट्सचा 'स्लॉटर ऑफ द सोल' आणि डार्क ट्रँक्विलिटीचा 'द गॅलरी' आला, १९९६ मध्ये इन फ्लेम्सचा 'द जेस्टर रेस'. हे तिन्ही निर्माता फ्रेडरिक नॉर्डस्ट्रॉमच्या स्टुडिओ फ्रेडमनमध्ये रेकॉर्ड झाले. तिन्हींचा बाज वेगळा आहे, पण तिन्हींत रिफ म्हणजेच चाल. ट्रेमोलो पिकिंगनं एकेक स्वर भराभर छेडत नेलेली ओळ असते आणि तिच्या वर दुसऱ्या गिटारची जोड. चाल काढून घेतली तर रिफ उरतच नाही.

आपल्या कमजोर गाण्यांत रिफ आणि चाल वेगवेगळ्या दिवशी लिहिल्या गेल्यात आणि नंतर एकीवर एक ठेवल्यात. ते ऐकू येतं. मिक्समध्ये कितीही आवाज वर-खाली केले तरी ते झाकलं जाणार नाही.

१३ जानेवारी

'तीनचा' भक्कम आहे, पण त्यातल्या मुख्य रिफच्या दुसऱ्या फेरीत काहीतरी खुपत होतं. ते सापडलं.

गिटार नेहमीपेक्षा चार अर्धस्वर खाली लावलेल्या आहेत, म्हणजे खालची तार सी. सी हा सा धरला तर चाल अशी: कोमल ग, रे, सा, शुद्ध नी, परत सा. सहाच्या ठेक्यात ती गोल फिरते आणि खाली सी सतत वाजत राहतो. शुद्ध नी, कोमल ग, कोमल ध म्हणजे कीरवाणी रागाचेच स्वर. दुसरा गिटारवादक त्यावर तिसऱ्या स्वराची जोड देतो: प, म, कोमल ग, रे. इथवर सुंदर.

दुसऱ्या फेरीत चाल चढून प-वर थांबते. तिथली जोड नी-ची. पहिल्या डेमोपासून तो तिथे कोमल नी घेत आलाय आणि आजवर कुणाला खटकलं नाही, कारण खालच्या गिटारमध्ये फक्त पॉवर कॉर्ड आहे, षड्ज-पंचम. त्यात तिसरा स्वर नसतो, त्यामुळे कोमल असो वा शुद्ध, दोन्ही खपून जातं. आता कीबोर्डची पूर्ण कॉर्ड आली आणि तिच्यात शुद्ध नी आहे. कोमल आणि शुद्ध नी एकमेकांशेजारी एकाच वेळी वाजतात. मोठ्या आवाजात ते बेसूर असं वाटतही नाही, फक्त गढूळ वाटतं.

कीबोर्ड काढून टाकणं सोपं होतं. ते केलं नाही. पहिल्या वेळी कीबोर्ड गप्प, जोड कोमल नी-ची. रिफ कोरसनंतर परत येतो तेव्हा कीबोर्ड चालू आणि जोड शुद्ध नी-ची. बोट फक्त एक घर पुढे सरकतं, पण दुसऱ्या वेळी तीच चाल ताठ होऊन सा-कडे खेचली जाते. गाणं पुढे सरकल्यासारखं वाटतं. दुसरा गिटारवादक ते वाजवून झाल्यावर काही न बोलता परत वाजवत बसला. तो खूश असला की असंच करतो.

१४ जानेवारी

कालची दुरुस्ती पक्की केली. 'तीनचा' पूर्ण.

१९ जानेवारी

बँडची बैठक. विषय 'पियानो'चा कोरस, म्हणजे क्लीन, मोकळ्या गळ्याचं गायन.

गायकाचं म्हणणं असं, की क्लीन आवाज घालणं म्हणजे पाणी घालणं नव्हे. १९९९ च्या 'प्रोजेक्टर'मध्ये गायक मिकाएल स्टॅनेनं खालच्या पट्टीत मोकळ्या गळ्यानं गाऊन दाखवलं आणि डार्क ट्रँक्विलिटी त्यामुळे लहान झाली नाही. हे मला पूर्ण मान्य आहे. 'प्रोजेक्टर' मला आवडतो, त्यातला धोका पत्करण्याचा भाग तर फारच. पण तिथे मोकळा आवाज गाण्याच्या पायातच आहे. लय, गिटारमधली रिकामी जागा, पियानो, सगळं त्या आवाजाला जागा ठेवून रचलेलं आहे. आपल्याकडे कडवं मिनिटाला १७२ ठोक्यांच्या वेगानं पळतं, कोरस आला की सगळे एकदम अर्ध्या वेगाला येतात, गिटार उघड्या कॉर्ड धरून बसतात आणि वरून गाणं सुरू होतं. जणू दुसऱ्याच बँडचं गाणं मध्ये लागलंय. आजच्या मेलोडिक डेथ मेटलमधल्या निम्म्या डाव्या-उजव्या अल्बमांचं कारण मला हा सांधा वाटतो: कडवं एका विचाराचं, कोरस दुसऱ्या.

भांडण झालं नाही, पण आवाज चढले. ड्रमरनं तोडगा सुचवला आणि तो सगळ्यांना पटला. कोरसची गायनाची चाल गिटारवर आणायची आणि ती सुरुवातीपासून कडव्याच्या रिफमध्ये पेरायची. पहिले दोन कोरस ग्रोलमध्ये. क्लीन आवाज फक्त शेवटच्या कोरसला, तोही लय न मोडता. तोपर्यंत ऐकणाऱ्याच्या कानात ती चाल गिटारनं बसवलेली असेल.

गायक तयार झाला, मनापासून झाला असं मला वाटत नाही. शेवटचा कोरस त्याच्या पसंतीनं रेकॉर्ड करायचा असं ठरलं. ते योग्यच आहे.

२५ जानेवारी

ड्रमचा दिवस. सगळ्या गाण्यांचे वेग एका कागदावर मांडले. भक्कम गाण्यांत 'घाई' २१०, 'पहिलं' १९६, 'तिरकं' १४८, 'तीनचा' आणि 'लांबडं' संथ. कमजोर तिन्ही १७० ते १७४ च्या दरम्यान. तिन्हींच्या कोरसखाली तोच सलग डबल बेस, म्हणजे दोन्ही पायांनी वाजवलेला किक (पायानं वाजवायचा मोठा ड्रम), आणि चौथ्या फेरीच्या शेवटी टॉम ड्रमवरून उतरणारा तोच फिल, म्हणजे ठेक्यातली भरती. ड्रमरचा यात दोष नाही. या गाण्यांचे डेमो संगणकावर प्रोग्रॅम केलेल्या ड्रमवर झाले आणि तो तेच इमानदारीनं शिकला. बाकीची गाणी एका खोलीत सगळ्यांनी मिळून बसवलेली आहेत.

'पियानो'साठी त्याला मोकळं सोडलं: डेमो विसर, गिटार ऐक, वाजव. कडव्यात त्यानं डबल बेस पूर्ण काढला आणि डी-बीट लावला, डिस्चार्जच्या पंक रेकॉर्डवरून मेटलमध्ये आलेला तो जुना धावता ठेका. गाण्यात एकदम रक्त आलं. आता डबल बेस फक्त शेवटच्या कोरसला येतो आणि आला की कळतो.

दुसरी गोष्ट, 'तिरकं'मधला स्नेअर ड्रम क्लिकच्या, म्हणजे वेग धरायला कानात वाजणाऱ्या टिकटिकीच्या, केसभर मागे पडतो. संपादनात प्रत्येक ठोका ग्रिडवर, म्हणजे आखलेल्या मात्रांवर, सरळ करून देता येतो, आजकाल सर्रास करतात. करून पाहिलं. रिफचा तिरकेपणाच गेला, सगळं चौकोनी झालं. होता तसा परत ठेवला. किकला मात्र सॅम्पलची, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेल्या ठोक्याची, जोड दिलीय, कारण २१० च्या वेगाला नुसत्या माइकवरचा किक गिटारखाली बुडतो.

३० जानेवारी

'मोठा कोरस' आणि 'जुनं' अल्बममधून काढायची, असं आज मी मांडलं. 'पियानो' वाचवता येतं कारण त्यात चाल आहे, ती चुकीच्या जागी होती. या दोघांत चालच नाही.

बेसवादकाची हरकत अशी, की लोकांना कमी गाणी मिळाली तर त्यांना फसवल्यासारखं वाटेल. मी त्याला 'स्लॉटर ऑफ द सोल' दाखवला. अकरा ट्रॅक, त्यातले दोन वाद्यसंगीताचे, आणि सगळं मिळून जेमतेम ३४ मिनिटं. त्या अल्बममध्ये कुठे जागा भरायला ठेवलेलं काही नाही, म्हणून तो संपला की परत पहिल्यापासून लावावासा वाटतो. पाचव्या ट्रॅकला गिटारचा एक शांत तुकडा येतो आणि पुढच्या हल्ल्याआधी कान धुऊन देतो. उलट बाजूला इन फ्लेम्सचा २००२ चा 'रीरूट टू रिमेन', चौदा गाणी. त्यात मला मनापासून आवडणारी गाणी आहेत, बँडनं वेगळा निर्माता आणि वेगळा स्टुडिओ निवडून नवं काही शोधायचं धाडस केलं तेही आवडतं. पण चौदा पूर्ण ऐकताना मधे लक्ष उडतं. तीच दहा असती तर त्या वळणावर लोक इतके भांडले नसते, असं माझं मत.

'जुनं' काढायला कुणाची ना नव्हती. 'मोठा कोरस'वर मात्र ड्रमर अडला. या गाण्याच्या ब्रिजमध्ये, म्हणजे कोरसांना जोडणाऱ्या वेगळ्या भागात, दोन गिटारची एक जोडचाल आहे, ती खरंच अप्रतिम आहे. ती उचलून दुसऱ्या गाण्यात घालावी असं त्याचं म्हणणं. मी विरोध केला. तसं केलं की परत तोच सांधा. चाल जपून ठेवू आणि पुढच्या वेळी तिच्यापासूनच गाणं सुरू करू.

दोन्ही गेली. १० मिनिटं कमी झाली.

४ फेब्रुवारी

'लांबडं' आठ मिनिटांवरून साडेसहावर आणलं. शेवटचा रिफ आठ वेळा होता, चार पुरे. सुरुवातीचा कीबोर्डचा ढगाळ भाग निम्मा.

८ फेब्रुवारी

गिटारचा आवाज. गाणी दोन खेपांना रेकॉर्ड झाली आणि दोन्ही खेपांना ॲम्प (ॲम्प्लिफायर), कॅबिनेट (स्पीकरची पेटी) वेगळं होतं. पहिल्या खेपेतल्या गिटार दाट आणि खरखरीत, दुसऱ्यातल्या पातळ आणि चकचकीत. म्हणजे अल्बमचा काही डावा-उजवेपणा रचनेचा नव्हताच, नुसता आवाजाचा होता. सुदैवानं प्रत्येक टेकचा कोरा डीआय सिग्नल, म्हणजे ॲम्पमध्ये जायच्या आधीचा गिटारचा आवाज, राखून ठेवलेला आहे. नऊही गाणी एकाच साखळीतून परत ॲम्पमध्ये घालायची ठरवली.

ॲम्प पीव्ही ५१५०, कॅबिनेट चार स्पीकरचं. माइक लावायची पद्धत स्टुडिओ फ्रेडमनच्याच नावानं ओळखली जाते ती: एकाच स्पीकरवर दोन एसएम५७, एक सरळ समोर, दुसरा त्याला खेटून पण तिरका. सरळ माइक धार देतो, तिरका माइक अंग देतो. दोघांचं प्रमाण बदलून सूर घडवायचा, इक्वलायझरला हात लावायची गरज फार कमी पडते. दोन्ही माइकची तोंडं स्पीकरपासून सारख्या अंतरावर हवीत, नाहीतर एकाची लाट दुसऱ्याच्या मागे पडते आणि मधला आवाज पोकळ होतो. त्यासाठी मी आज बराच वेळ गुडघ्यांवर बसून माइक केसाकेसानं सरकवत होतो. एका जागी आवाज अचानक पुढे आला, खोलीतल्या सगळ्यांना कळलं.

'घाई'साठी बॉस एचएम-२ पेडल थोडं मागे मिसळलं. ते पेडल सगळी बटणं पूर्ण वर करून वाजवलं की स्टॉकहोमचा करवतीसारखा आवाज येतो, एन्टूम्ड या बँडच्या १९९० च्या 'लेफ्ट हँड पाथ'चा, सनलाइट स्टुडिओतला. गोथेनबर्गच्या ॲट द गेट्सनंही ते वापरलं. पूर्ण गिटार त्यातून नेली तर जोडचालीतले दोन स्वर वेगळे ऐकू येईनात, म्हणून फक्त मागे, आणि फक्त या एका गाण्यात.

१५ फेब्रुवारी

गायन. 'पियानो'चे नवे ग्रोल झाले. शब्दांची शेवटची व्यंजनं तो आता गिळत नाही, त, क, ट स्वच्छ फुटतात. ग्रोलमध्ये ठेका व्यंजनांतूनच मिळतो, स्वर लांबवून काही साधत नाही.

त्याच्याशी गप्पा मारताना परत तोच जुना किस्सा निघाला. डार्क ट्रँक्विलिटीच्या १९९३ च्या 'स्कायडान्सर'वर अँडर्स फ्रिडेन गायलाय आणि इन फ्लेम्सच्या १९९४ च्या 'लूनर स्ट्रेन'वर स्टॅने. पुढे फ्रिडेन इन फ्लेम्सचा झाला आणि स्टॅने डार्क ट्रँक्विलिटीचा. गळे इकडचे तिकडे झाले तरी दोन्ही बँडची ओळख मोडली नाही, ती गिटारच्या चालीत होती. गायकाला हे ऐकून वाईट वाटेल अशी भीती होती. तो म्हणाला, "म्हणजे चाल तुम्ही सांभाळा, मग मला हवं तसं गाता येईल." शेवटचा क्लीन कोरस त्यानं त्यानंतर गायला. खालच्या पट्टीत, थोडा खरखरीत, अजिबात गोड न करता. तोच टेक ठेवला.

२१ फेब्रुवारी

क्रम. नऊ गाणी, ४१ मिनिटं आणि वर काही सेकंद. एलपीवर नीट बसतात, बाजूला वीस-एकवीस मिनिटं. त्याहून फार लांब गेलं तर खाचा जवळजवळ येतात आणि आवाजाची पातळी उतरवावी लागते.

एलपीचा आणखी एक नियम क्रमाच्या कामी आला. सुई आत सरकत जाते तसा प्रत्येक फेरीला मिळणारा खाचेचा मार्ग लहान होतो आणि वरच्या पट्टीतली धार बोथट होते. म्हणून झांजांनी भरलेली 'घाई' कुठल्याही बाजूच्या शेवटी नको. 'अ' बाजूच्या शेवटी 'तीनचा', 'ब' बाजूच्या शेवटी 'लांबडं'. दोन्ही संथ, दोन्हींत झांजा कमी.

'घाई' 'ब' बाजूची पहिली. 'पियानो' तिच्यानंतर नको, दमछाक होते. मध्ये 'तिरकं' आणलं. 'तिरकं' दुसऱ्या क्रमांकावरून हलवताना जीव खालीवर झाला, कारण पहिली चार एकामागोमाग फार देखणी होती. पण सगळा माल पुढे लावून मागे रिकामं ठेवायचं, यातूनच तर पाचव्या गाण्यावर पकड सुटत होती.

२८ फेब्रुवारी

मास्टरिंगवाल्याशी, म्हणजे तयार मिक्सवर शेवटचा हात फिरवणाऱ्याशी, बोलणं. त्याचा पहिला नमुना उणे ६ एलयूएफएसच्या आसपास होता (हे आवाजाच्या मोठेपणाचं माप, शून्याच्या जितकं जवळ तितका आवाज मोठा). पहिल्या दहा सेकंदांत दणका बसतो, दोन मिनिटांत कान मिटतात. 'तीनचा'मधला कोरस कडव्यापेक्षा मोठा वाटतच नाही, सगळं छताला टेकलेलं. स्ट्रीमिंगवर बहुतेक ठिकाणी पातळी आपोआप उतरवतात, स्पॉटिफायवर साधारण उणे १४ ला. म्हणजे दाबून मिळवलेला मोठेपणा तिथे काढून घेतला जातो आणि दाबल्याची इजा तेवढी उरते. मेटलमध्ये हा वाद २००८ च्या मेटॅलिकाच्या 'डेथ मॅग्नेटिक'पासून जाहीरपणे चाललाय, तरी प्रत्येक बँडला तो नव्यानं घालावा लागतो.

उणे ९ वर ठरलं. एलपीसाठी वेगळा मास्टर, लिमिटर, म्हणजे आवाज दाबून छताखाली ठेवणारं साधन, जवळपास बंद. आणि एक सूचना लेखी दिली: गाणी एकमेकांशी मोजून समान करू नकोस. 'लांबडं' हळू सुरू होतं, तसंच राहू दे.

५ मार्च

फाइली गेल्या. गाण्यांमधली अंतरं शेवटी हातानं लावली. 'पहिलं'नंतर पाऊण सेकंद, 'घाई' आणि 'तिरकं' यांच्यात शून्य.

नऊ गाण्यांचा अल्बम परत पूर्ण ऐकला. सात गाण्यांबद्दल कुणीही काहीही म्हणो, मी ती छातीठोकपणे पुढे करीन. मधल्यांपैकी एक अजून मधलंच आहे. 'पियानो' आता सहज ऐकलं जातं आणि शेवटच्या कोरसला अंगावर येतं, पण त्याचं पहिलं मिनिट मला अजूनही ढिलं वाटतं. गायकाला तेच मिनिट सगळ्यात आवडतं. ते तसंच गेलंय.

'मोठा कोरस'च्या ब्रिजची चाल वेगळ्या फाइलमध्ये, वेग १७२, दोन्ही गिटारचे डीआय सोबत. ड्रमरनं त्यावर सहाचा ठेका वाजवून पाठवलाय.